डाव्या अंगाचा गुंड्या

आमच्या घरी बैल नाहीत. तरीही गेल्या पोळ्याला माझं पुढचं शिक्षण आमच्या बैलांमुळंच बंद पडायच्या बेतात होतं.

सांगते. आमचं गाव ढोकीपासून पाच-सहा किलोमीटरवर. घरचा ऊस कारखान्याला जातो, दारात ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात पेरणीयंत्र, नांगराचे फाळ आणि एक कायमची रुसलेली मांजर एवढंच राहतं. हरण्या आणि गुंड्या ही आमची शेवटची जोडी. सहा वर्षांपूर्वी ती उमरग्याकडच्या एका पाहुण्यांकडं गेली. त्या दिवशी अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवले नाहीत. तेव्हापासून बैल हा विषय घरात कुणी काढत नाही.

मी लातूरला ॲनिमेशन शिकते. रोज एसटीनं जाते-येते. ॲनिमेशन म्हणजे चित्राला किंवा निर्जीव वस्तूला चालतं करणं, हे मी घरी समजावून सांगितलं होतं. आणि ती कला माझ्यात उपजतच आहे, हेही. (दुसरी गोष्ट कुणी विचारली नव्हती.)

पहिला प्रोजेक्ट होता टप्पा खाणारा चेंडू. तीन आठवडे खपून मी तो केला आणि सगळ्यांना समोर बसवून दाखवला. चेंडू पडला, उसळला, थांबला. आई बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "पुढं?" दुसरा प्रोजेक्ट पिठाच्या पोत्याचा. अर्धं भरलेलं पोतं आनंदी, दुःखी, लाजलेलं असं दाखवायचं. पोत्याला कशाचं दुःख, हा आईचा प्रश्न मी उदार मनानं सोडून दिला. तिसरा प्रोजेक्ट चालणाऱ्या माणसाचा. तो बघून शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलत्यांनी, नानांनी, वर्षाचा आढावा घेतला.

"एक चेंडू पडला, एक पोतं रडलं आन् एक मानूस चालला. एवढं तर आमाला पारावर बसून बी दिसतंय."

नाना बोलले थट्टेनं, पण अप्पांनी ते मनावर घेतलं. अप्पा कमी बोलतात. त्यामुळं ते बोलले की ग्रामसभेत ठराव झाल्यासारखं असतं. पुन्हा चर्चा नाही. ते म्हणाले, "पोळ्यापातूर घरच्या मानसांनी बसून बघावं असं कायतरी करून दाखव, माय. मग दुसऱ्या वर्षाचं बघू. न्हायतर कळंबला साधं कॉलेज कर."

मला काही घाम फुटला नाही. वर्षाचा शेवटचा प्रोजेक्ट तोंडावर होता आणि तो माझ्या हातचा मळ आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. प्रोजेक्ट होता स्टॉप-मोशनचा. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा; पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो भरभर दाखवले की एक सेकंद होतो. वीस सेकंदांच्या फिल्मला दोनशे चाळीस फोटो! वर्गातल्या बाकीच्यांनी काडेपेट्या, खडू, बाटल्यांची बुचं असले गरीब विषय घेतले. मी घेतली बैलजोडी. नांगराला जुंपलेली आणि तास, म्हणजे नांगराची सरळ रेघ, धरून चालणारी. सरही खूश आणि अप्पाही.

काळ्या मातीत कापूस मळून, आत तार घालून मी वीतभर उंचीचे दोन बैल केले. अगदी आमचे हरण्या आणि गुंड्या. हरण्याचं डावं शिंग वाकडं, गुंड्याच्या कपाळावर पांढरा चांद. सगळं आठवणीतून. निरीक्षण हा माझा हातखंडा. (सर तसं कधी म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात असणार.)

गोठ्यातल्या दगडी गव्हाणीवर फळी टाकून मी शेत मांडलं, दोन विटांमध्ये मोबाईल बसवला आणि भिंतीवर पाटी लावली: 'शूटिंग चालू आहे. कुणी हात लावू नये. कुणी काही बोलू नये.' शेवटचं वाक्य खास नानांसाठी होतं.

सकाळी सहा ते आठ मी फोटो काढायची. मग खुरांच्या जागी खडूच्या खुणा करायच्या, माती वाळून तडकू नये म्हणून दोन्ही बैल गव्हाणीत ओल्या गोणपाटाखाली शेजारी शेजारी झोपवायचे आणि बस गाठायची. दुपारी आई गोणपाटावर पाणी शिंपडायची. दुसऱ्या दिवशी गोणपाट काढून डावीकडचा बैल डावीकडच्या खुणांवर ठेवायचा, उजवीकडचा उजवीकडच्या. चुकायला जागाच नाही. रोजचं काम रोज चालवून बघत जा, असं सरांनी सांगितलं होतं. पण असल्या सूचना ज्यांना स्वतःचा भरवसा नसतो त्यांच्यासाठी असतात. माझा स्वतःचा एक सिद्धान्त होता: नजर फक्त पायांवर ठेवायची. पाय जमले की वरचा बैल आपोआप जमतो.

तिसऱ्या दिवशी दोन्ही बैलांच्या कपाळांवर कुंकू दिसलं. आईला विचारलं तर ती म्हणाली की श्रावणात बैल घरात आणायचे आणि कोरड्या कपाळानं निजवायचे, हे तिच्यानं होणार नाही. मी वाद घातला नाही. बघणाऱ्यांची नजर पायांवरच राहणार होती.

चौथ्या दिवशी मात्र मला जरा खटकलं. मी गुंड्या जोडीत उजव्या बाजूला जुंपला होता, आणि आता उजवीकडं हरण्या होता. काल घाईत आपल्याच हातून झालं असेल म्हणून मी गुपचूप दोघांची जागा बदलली आणि कामाला लागले. चूक केली, ती लगेच सापडली आणि दुरुस्तही झाली. असे विद्यार्थी किती असतात?

नवव्या दिवशी दोनशे चाळिसावा फोटो झाला. कॉलेजच्या लॅबमध्ये मी सगळे फोटो ओळीनं लावले, सरांना आणि अख्ख्या वर्गाला गोळा केलं आणि आधी स्वतः एकदाही न बघता बटण दाबलं.

जोडी निघाली. दोन सेकंद बरी चालली. मग गुंड्याचा हरण्या झाला आणि हरण्याचा गुंड्या. थोडं पुढं गेल्यावर कपाळांवर कुंकू उगवलं. मग ते वाढलं, मग त्याला तांदूळ चिकटले. सातव्या सेकंदाच्या आसपास बैलांनी परत जागा बदलल्या, नवव्याला पुन्हा. शेवटापर्यंत दोघांच्या तोंडांचा रंग पार लाल झाला होता. पायांकडं कुणीही बघत नव्हतं.

"हे बैल मधेच जागा का बदलतात?" सरांनी विचारलं.

"सर, ती संकल्पना आहे."

"कसली?"

"दोघांना समान संधी," मी म्हणाले.

वर्ग हसला, सर हसले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवी फिल्म आणून द्यायची, नाहीतर प्रोजेक्ट धरला जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि जाता जाता असंही म्हणाले की यातले बैल कुत्र्यासारखे चालतात. पोळा पाच दिवसांवर होता. म्हणजे सरांकडून नापास, अप्पांकडून नापास, आणि पुढची तीन वर्षं कळंब. वर्षभरात पहिल्यांदा मला माझ्या उपजत कलेबद्दल शंका आली.

बसमध्ये त्या शंकेचा राग झाला. माझ्या हातून एक चूक होऊ शकते, तीन नाही. कुणीतरी मुद्दाम बैल बदलत होतं. घरी येताच मी चौकशी लावली. आई म्हणाली कुंकू तिचं, तांदूळ तिचे, पण बैलाची जागा बदलायचं तिला काय कारण? मांजरीकडं तेवढा उत्साह नव्हता. राहिले नाना. त्यांनी पाटीकडं बोट दाखवून सांगितलं की बोलायची बंदी असल्यानं ते नऊ दिवस गोठ्याकडं फिरकलेच नाहीत, आणि आयुष्यात एवढे गप्प ते कधी राहिले नव्हते.

मग मी सापळा लावला. गोणपाटाखालचे बैल अदलून-बदलून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी पेरणीयंत्रामागं जाऊन बसले. शेजारी मांजर. दोघीही रुसलेल्या.

दार वाजलं. अप्पा आत आले. बैल जाऊन सहा वर्षं झाली तरी उठल्यावर पहिली फेरी गोठ्यातच मारायची त्यांची सवय सुटली नव्हती, आणि हे मला, निरीक्षण हातखंडा असलेल्या मुलीला, माहीत नव्हतं. त्यांनी गोणपाट उचललं, च्यक् केलं आणि गुंड्याला अलगद उचलून डावीकडं ठेवलं. मग अंगठ्यानं त्याच्या कपाळावरचा चांद पुसल्यासारखं केलं.

मी उठून उभी राहिले. अप्पा दचकले नाहीत. म्हणाले, "गुंड्या उजव्या अंगाला कधी चालला न्हाय, माय. लई हट्टी. तिकडं जुंपला की खाली बसायचा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"बोलायचं न्हाय असं लिव्हलंय की तू."

"हात लावायचा नाही, असंही लिहिलंय."

यावर अप्पांनी थोडा विचार केला. "ते भायेरच्यांसाठी असंल. आपल्याच बैलाला हात लावायला काय पाटी बघायची?" मग हरण्याला उजेडात धरून म्हणाले, "आन् ह्याचं उजवं शिंग वाकडं व्हतं. डावं न्हाय."

ज्यांच्या पाठीवर बसून मी लहानपणी नदीवर जायची, त्या बैलांचं शिंग, चाल, बाजू, काहीच मला धड आठवत नव्हतं. आणि या माणसानं सहा वर्षं त्यांचं नावही काढलं नव्हतं, तरी सगळं जिथल्या तिथं जपून ठेवलं होतं. मला फार लाज वाटली. रडूही आलं. मी ते मांजरीच्या केसांवर ढकललं.

मग मी सरांचं शेवटचं वाक्य सांगून टाकलं: बैल कुत्र्यासारखे चालतात. "ते खरं हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी तोंडानं समजावून बघितलं. पुढचा पाय जिथनं उचलतो, तिथंच मागचा येऊन टेकतो; आणि नांगर असला की आधी मान खाली जाते, मग खांदा, मग पाय. मला कळेना. मग अप्पांनी टोपी काढून गव्हाणीवर ठेवली आणि गोठ्याच्या फरशीवर दोन्ही हात आणि गुडघे टेकून ते चालायला लागले.

आणि काय सांगू, तो गुंड्याच होता! मान तशीच, हट्ट तसाच. नांगराचा ताण दिसावा म्हणून त्यांनी मला खांद्यावरून दोर टाकून मागं ओढून धरायला सांगितलं. एका हातात दोर, दुसऱ्या हातात मोबाईल, अशी मी मागून "अजून एकदा, अप्पा, हळू" म्हणत चालले होते, तेवढ्यात दारात नाना उभे राहिले.

नानांनी मोठ्या भावाकडं बघितलं, दोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाटीकडंही बघितलं. आणि एक शब्द न बोलता निघून गेले. बोलले ते थेट पारावर. दुपारपर्यंत पोरीनं बापाला नांगराला जुंपल्याची बातमी गावभर झाली, आणि संध्याकाळी आईच्या माहेराहून फोन आला की शेतात एवढी अडचण होती तर आधी कळवायचं तरी.

अप्पांनी कशाचीच दाद घेतली नाही. मी कॉलेज बुडवलं, त्यांनी उसाचं पाणी नानांच्या गळ्यात टाकलं. फिल्म बारा सेकंदांची करायची ठरली. शिंग बदललं, आईनं मोठ्या मनानं कुंकू पुढं ढकललं. अप्पा बैलांचे पाय हलवायचे, मी बटण दाबायची. मी मधे हात घातला की ते नुसतं बघायचे आणि मी हात मागं घ्यायची. खांदमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, संध्याकाळी शेवटचा फोटो झाला. अप्पांनी तूप-हळद कालवून मातीच्या दोन्ही बैलांच्या खांद्यांना लावली आणि जुन्या रिवाजानं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मी तेव्हा फोटो काढला नाही. काही गोष्टी हलवून दाखवायच्या नसतात.

पोळ्याला संध्याकाळी ट्रॅक्टरची आणि बैलांची पूजा झाल्यावर नानांच्या टीव्हीवर फिल्म लावली. गुंड्या डावीकडं, हरण्या उजवीकडं, मान खाली, तासाची एक रेघ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई या वेळी "पुढं?" म्हणाली नाही. नाना म्हणाले, "दादा, गुंड्याच हो." अप्पांनी फिल्म आणखी आठ वेळा लावायला सांगितली, आणि नवव्यांदा पडदा बंद झाल्यावर तिकडंच बघत म्हणाले, "दुसऱ्या वर्षाचा फारम आन, माय."

सरांनाही फिल्म आवडली. विशेषतः चाल. ती कुणाला बघून केली, असं त्यांनी विचारलं. वडिलांना, असं मी सांगितलं आणि जास्त खोलात गेले नाही.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलाच प्रोजेक्ट आला माणसाच्या चालीचा, जरा वरच्या इयत्तेचा. हा मात्र मी कुणाचीही मदत न घेता, संपूर्ण आत्मविश्वासानं एकटीनं केला आणि गोठ्यात अप्पांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग चष्मा काढून खिशात ठेवला, टोपी काढून गव्हाणीवर ठेवली आणि उठून उभे राहिले.

"मोबाईल काढ," म्हणाले.

प्रगती आहे. या वेळी निदान दोन पायांवर चालले.