बाळांच्या नजरेतले मामा

तान्ह्या बाळांच्या नजरेचा माझ्या बायकोच्या मामांएवढा अभ्यास साऱ्या जगात कोणी केला नसेल. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीवर त्यांनी जन्मभर तिकिटं फाडली, पण जीव लावून एकच काम केलं: कडेवरचं मूल कुणाकडे बघतंय, हे बघायचं. बोट सुटली की ते मुद्दाम बाळासमोर जाऊन उभे राहत. बाळ त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता शेजारच्या दप्तरवाल्या मुलीकडे बघून हसे आणि मामा खूश होत. "आधी पोरांकडं, मग आईच्या वयाच्या बाईकडं, म्हातारा शेवटी. मला राग न्हाय, मी रांगेत उभा हाय!" एकदा म्हसळ्याचं एक बाळ थेट त्यांच्याकडेच टक लावून बघायला लागलं, तेव्हा मामा पार गोंधळले. बाजूला सरकल्यावर कळलं, मागच्या बाकावर दोन वर्षांची चिमुरडी बसली होती. मामांचा जीव भांड्यात पडला.

आमची सई सात महिन्यांची असताना ते पेणला आमच्याकडे राहायला आले. "किती शांत मूल, कशानं दचकत नाही," असं आम्ही कौतुकानं सांगत होतो. मामा मात्र तिला निरखून बघू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या दोन मुलींना सईच्या पाठीमागे बसवून खिदळायला लावलं. सईनं मान वळवली नाही. मुली समोर आल्या, तशी ती खुदकन हसली. तीनदा तेच झालं.

"जावईबापू, हिला पोरं आवडतात, पण दिसली तरच. हिचे कान तपासून घ्या."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?" मी तडकून म्हणालो.

दुसऱ्या सकाळी मामा पिशवी घेऊन दारात उभे. "चला, मीबी येतो अलिबागला, कानाच्या डॉक्टरकडं."

तपासणीत निघालं, सईला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कानाला यंत्रं बसली, आणि बायकोनं पाठीमागून हाक मारताच सईनं पहिल्यांदा वळून बघितलं. बायको रडली. मामा तोंड पुसत बाहेर जाऊन बसले.

आता सई पाच वर्षांची आहे. मामांचे गुडघे गेलेत, जेट्टीपर्यंतही जाववत नाही. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी नको ते बोललो."

"कवा? मला न्हाय आठवत."

त्यांना चांगलं आठवत होतं. मी आणखी काही बोलणार, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. शेजारी बसून सई त्यांना शाळेतलं भांडण अगदी पहिल्यापासून सांगत होती, आणि त्यांना त्यातला एक शब्दही चुकवायचा नव्हता.