उजेडात ठेवलेलं पाणी

पहिल्या बाळंतपणाला मी बदलापूरच्या सासरहून माहेरी आले. माहेर उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची. पप्पा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. मुलगी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, हे गल्लीत भेटेल त्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

माझं काम पाण्याचं. कापड धुणाऱ्या, रंगवणाऱ्या कारखान्यांत साबणासारखं एक रसायन वापरतात. नाल्यात जाऊन ते तुटलं की जे उरतं, ते शरीराला बाईच्या हार्मोनसारखं वाटतं आणि शरीर फसतं. नर माशांच्या अंगात त्यानं मादीची लक्षणं दिसतात, असं मी वाचलं होतं. पोटातल्या बाळाचं काय होतं, ते नीट कुणी सांगू शकत नव्हतं. आम्ही त्या पाण्यात टायटॅनियमची अतिबारीक पांढरी पूड टाकायचो, नॅनो म्हणतात ती, आणि वर अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचो. उजेड पडला की पूड कामाला लागते आणि त्या उरलेल्याचेही पार निरुपद्रवी तुकडे करते. दिवस गेल्यापासून मी त्या बाटल्यांना हातमोज्यांवर हातमोजे चढवून हात लावायचे. इतकी मी भित्री.

एकदा जेवताना पप्पांना हे सगळं सोपं करून सांगितलं होतं. त्यांनी त्यातला उजेड तेवढा लक्षात ठेवला.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा, म्हणून घरोघरी निळे ड्रम भरलेले असायचे. मला मात्र ड्रममधलं पाणी मिळेना. पप्पा माझ्यासाठी गच्चीवरून वेगळा तांब्या भरून आणायचे. "हे तुझं. ऊन दाखवलेलं," असं म्हणून मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे. आई म्हणायची, "लेकीचे लाड संपतच नाहीत यांचे." मलाही हसू यायचं. मी पीत होते.

एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेले. कठड्याशी पाण्यानं भरलेले पांढुरके कारबे ओळीनं मांडलेले होते, केमिकल संपल्यावर उरणारे प्लास्टिकचे कॅन असतात ते. पप्पा मागोमाग आलेच.

"कुठून आणलेत हे?"

"भंगारवाल्या शेठकडनं. तो निळे देत होता. मी बोललो, निळ्यातनं उजेड कसा जाणार? पांढरेच काढ. सोड्यानं चार पाण्यांनी धुतलेत, टेन्शन नको."

मी एक कारबा हलवला. तोंडाशी फेस आला आणि विरेना. बाजूला अर्धवट फाटलेलं लेबल होतं. त्यावरचं नाव मी प्रयोगशाळेत रोज बाटल्यांवर लिहायचे. कठडा धरून मी खाली बसले आणि पप्पांना वाटलं, मला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी त्यातलं पाणी घेऊन कॉलेजात गेले. मशीनच्या कागदावर रेघ सरळ चालली होती. नेमक्या नको त्या, त्या रसायनाच्या जागी तिनं डोकं वर काढलं. लहानसंच, पण काढलं. माझे गाईड सर म्हणाले, "प्रमाण फार कमी आहे, घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे. मी त्या पाण्यात पूड टाकली, दिवा लावला आणि समोर बसून राहिले. रेघेचं डोकं खाली आलं, मग सपाट झालं. एरवी मी आनंदानं सगळ्यांना चहा पाजला असता. बाटलीतलं पाणी साफ झालं होतं. मी प्यायले ते कुठल्या दिव्याखाली धरणार होते?

घरी आले तर पप्पा तांब्या घेऊन उभे.

"ते पाणी नको, पप्पा. त्या कारब्यांत जे होतं, ते अजून आहे."

"पण उजेडानं तुटतं म्हणालीस ना?"

"पूड लागते. नुसत्या उजेडानं नाही होत."

त्यांनी तांब्या मोरीत ओतला. "मग मी काय पाजलं गं तुला?"

पप्पांनी हॅक्सॉ घेतली, गच्चीवर गेले आणि एकेक कारबा उभा चिरला, पुन्हा कुणी त्यात पाणी भरू नये म्हणून. पुढचे सगळे दिवस मी पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचालीची वाट बघत काढले. ते हललं तरी भीती वाटायची, नाही हललं तरी वाटायची.

मुलगी झाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, छान आहे. आईनं घेतली, नवऱ्यानं घेतली. पप्पा मात्र दाराशी हात मागे बांधून उभे राहिले.

"घ्या ना, पप्पा."

"तू बघ आधी. तुला त्यातलं कळतं. नीट आहे ना पोरगी?"

कळत होतं तेच तर वाईट होतं. असलं नुकसान झालंच असेल, तर ते जन्मताना दिसत नाही. मूल वाढतं, वयात येतं, तेव्हा कधीतरी समोर येतं, किंवा येतही नाही. घरात हे फक्त मला ठाऊक होतं.

"नीट आहे, पप्पा," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केले, नातीला छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. त्यांची भीती तिथं संपली. माझी आता एकटीची झाली होती.