‘लागलं’ म्हणणारे इनासकाका

इनासकाकांचा अंदाज खरा ठरला, तरी ते ‘जिंकलो’ असं कधी म्हणत नसत. “लागलं,” एवढंच म्हणत आणि चहा ठेवायला उठत. कतारमध्ये, दोह्याच्या एका इस्पितळात ते एक्स-रे काढायचे. मी तिथलंच स्टोअर सांभाळायचो. काका मूळचे वसईचे. शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीवर आम्ही पाचसहा मराठी माणसं क्रिकेट बघायला जमायचो आणि पैजा लावायचो. हरणाऱ्याने सगळ्यांना जेवू घालायचं, इतकंच. खेळ त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळे, तरी पैजेआधी ते विचारत, “माझं कुठे चुकतंय, सांगा बघू.”

दोन हजार सालाच्या आसपास एका मोसमात माझे सात अंदाज ओळीने खरे ठरले. मी फुगलो. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये लोक मला विचारू लागले. काकांनी मला बाजूला घेतलं. “घाम गाळतात ते अकराजण, आणि छाती तू काढतोस? तुला लावायचं तर लाव. दुसऱ्याला लावायला सांगू नकोस.”

म्हाताऱ्याला हेवा वाटतोय, असं मला वाटलं.

खालच्या मजल्यावर लॅबमध्ये नाशिकचा प्रदीप होता. त्याला मी म्हणालो, “डोळे मिटून लाव. खलास, मॅच आपलीच.” बहिणीच्या लग्नाला जायच्या तिकिटाचे पैसे त्याने मुंबईतल्या मित्राकरवी बुकीकडे लावले. संध्याकाळपर्यंत सामना गेला होता.

बहिणीच्या लग्नाच्या दिवशी प्रदीप लॅबमध्ये ड्यूटीवर होता. दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने सगळ्यांदेखत मला विचारलं, “इतक्या खात्रीने कशावरून सांगितलं होतंस?”

“इनासकाका म्हणाले होते,” मी बोलून गेलो.

काका शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग ते प्रदीपला म्हणाले, “चुकलं माझं, बाबा,” आणि अर्धं जेवलेलं ताट उचलून गेले.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या खोलीवर कोणी गेलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी निघाले. विमानतळावर सोडायला मी गेलो. गाडीत कशीबशी माफी मागितली आणि विचारलं, “तुम्ही अंगावर का घेतलंत?”

“सगळ्यांसमोर तुला खोटं पाडून त्या पोराच्या बहिणीचं लग्न थोडंच परत येणार होतं? मला वाटलं, तू स्वतः जाऊन सांगशील.” थोड्या वेळाने म्हणाले, “अजून सांगता येईल.”

“सांगतो,” मी म्हणालो.

चार वर्षांनी काका वसईत वारले. मला ते प्रदीपनेच जिन्यात थांबवून सांगितलं. “माणूस चांगला होता,” तो म्हणाला, “माझ्या बाबतीत तेवढं एक सोडलं, तर.”

मी मान डोलावली.