शाळेचा रूळ आणि माझा बोल्ट

कारंजा लाडला एसटीतून उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं, पण मन सहावीतल्या पोरीसारखं उड्या मारत होतं. पर्समध्ये एक लोखंडी बोल्ट होता. आमच्या गावच्या शाळेपुढे कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असे. या बोल्टनं तो बडवला की शाळा भरायची. पोरांशी भांडून मी तो मान मिळवला आणि शाळा सोडताना बोल्ट सरळ ढापला. इतकी वर्षं पुण्यात तो माझ्या टेबलावर कागद दाबून बसला होता.

शेलूबाजारला जीप बदलली. "मावशी, सरका ना थोडं, अजून दोन सवाऱ्या बसतात," ड्रायव्हर म्हणाला. मांडीवर कुणाची तरी कोथिंबीर आली. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर. माहेरचा रस्ता बाई, डोळे भरून यायचेच.

उतरले ती थेट शाळेपाशी. रूळ तिथंच होता! दहा वाजत आलेले, पण घंटा कुणी देईना. मला कुठला धीर? बोल्ट काढला आणि दिले चार टोले ठेवून.

ओट्यावरची आठेक वर्षांची पोर दप्तर टाकून पळाली आणि गंजीमागे (कडब्याच्या ढिगामागे) शिरली.

"ताई, हे काय केलं वो!" माझी वहिनी शांता धावत आली. "पूनम हाय ते. तिची माय विहिरीत पडली, तवा माणसं जमवाले हाच रूळ बडवला होता. पोरीनं शाळाच सोडली होती. मंग गावानं ठरवलं, रूळ वाजवाचा नाही. घरोघरी जाऊन लेकरायले नावानं हाक मारतो. आत्ता कुठं येऊन राह्यली होती."

जळली मेली माझी हौस! मी गंजीकडे निघाले, तर वहिनीनं हात धरला. "ओढाचं नाही, काहून पळाली तेही इचाराचं नाही. अंगणवाडीच्या बैठकीत समदे शिकलो आमी. बसा, शेंगा सोला."

गंजीपासून चार हातांवर आम्ही बसलो. शेजारणीही आल्या, वांग्यांच्या भावावर बोलत राहिल्या. बऱ्याच वेळानं पूनम बाहेर आली, माझ्याकडे न बघता शेंगा सोलू लागली. दुपारी सोले (ओल्या तुरीचे दाणे) घातलेली वांग्याची भाजी आणि भाकर. तीच चव, पण डोक्यात एकच विचार. पोर उद्या शाळेत येईल का?

सकाळी वहिनीबरोबर मीही निघाले. हाका सुरू झाल्या. "पूनम, चाल वो!" दार बंदच. पुन्हा हाक. मग ती दप्तर घेऊन आली आणि माझ्यापुढे हात पसरला.

"आत्या, ते द्या."

"कायले गं?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"माह्यापाशी राहू द्या."

मी बोल्ट दिला. तिनं तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला, दप्तरात तळाशी घातला आणि शाळेत गेली.

पुण्यात आता खिडकी उघडली की टेबलावरचे कागद उडतात. उडू देत.