गाडी लागणाऱ्या बाई

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती, तेव्हा दिराचा फोन आला. "वहिनी, बाई गेली..." एवढंच. याला आता दीड महिना होईल. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात, गावात सगळे त्यांना बाईच म्हणत. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि पांढुर्ण्याच्या स्टँडवर सौंसरची बस पकडली. चढायच्या आधी हातगाडीवरून एक संत्रं घेतलं.

मोहगावकडच्या आमच्या गावात बाईंची ख्याती एकच, त्यांना गाडी लागते. डिझेलचा नुसता वास आला की त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडली, दिवसदिवस शिडीवर उभ्या राहिल्या, तिथे कधी चक्कर आली नाही. पण बसचं नाव काढलं की पदर तोंडाला. सख्ख्या भाचीचं लग्न त्यांनी यापायी चुकवलं. बाजार पायी, दवाखाना बैलगाडीनं. नवी सून होते तेव्हा मला हे सगळं नाटक वाटायचं, हे आज कबूल करते.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची, अजून अंगावर पिणारी, आणि मला शिक्षिकेच्या नोकरीचा कागद आला. गाव पचमढी. कागद वाटेत कुठे अडकला होता कोण जाणे. हातात पडला तेव्हा एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत हजर झाले नाही तर नेमणूक रद्द. नवरा कामासाठी नागपूरला; घरी बाई, दीर आणि जाऊ. फोनवर म्हणाला, "राहू दे. एवढ्या दूर... दुसरी पाहू." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मुलीला सोडून जायला माझाच जीव होत नव्हता. कागदाची घडी करून मी पेटीत ठेवली. बाई चुलीपुढून उठल्या.

"कागद कोनाच्या नावानं आला वं?"

"माझ्या."

"मंग? पेटीले नोकरी लागली का? पोट्टीले दोन राती तुही जाऊ पाहीन. चाल, मी येतो तुह्यासंग."

"बाई, तुम्हाला गाडी लागते."

"लागू दे. मरत त नाही कोनी."

रात्री सौंसरला नागपूरहून येणारी बस धरली. बाईंनी पदराच्या गाठीत संत्र्याची सालं बांधून आणली होती. सिल्लेवानीच्या घाटात पहिली उलटी झाली. छिंदवाड्यापर्यंत मी मोजणं सोडून दिलं. पाठ चोळायला गेले की हात झटकायच्या. "झोप तू. सकाळी तुले मास्तरीनवानी दिसाचं हाय." आणि मी खरोखरच झोपले! तामियाच्या पुढे जाग आली तेव्हा त्या सालं नाकाशी धरून तशाच ताठ बसल्या होत्या.

पचमढीला उजाडताना उतरलो. थंडी, उंच झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शाळा उघडल्यावर मी साडी बदलायला आत गेले आणि बाई पायरीवर बसल्या, चेहरा पांढराफटक. शिपायानं विचारलं, "अम्मा, क्या हुआ?" बाई आपल्या ठसक्यातल्या हिंदीत म्हणाल्या, "कुछ नहीं भैया, मेरे को गाड़ी लगी."

आपल्या मराठीत गाडी लागली म्हणजे मळमळलं. हिंदीत त्याचा अर्थ होतो, गाडीनं धडक दिली! मी बाहेर येईपर्यंत अर्धी शाळा गोळा झाली होती. हेडमास्तर विचारत होते, "कौन-सी गाड़ी थी? नंबर देखा?" बाई वैतागल्या. "वोही, सौंसरवाली! रात भर लगी!" दोघांनी त्यांना उचललंच. मला कोणी बोलूच देईना. हेडमास्तर म्हणाले, "मैडम, पहले अस्पताल. जॉइनिंग बाद में." त्यातलं 'बाद में' तेवढं बाईंनी ऐकलं आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"पहले इसकी सही लो. फिर मेरे को कहाँ बी ले जाओ."

रजिस्टर चौकटीपाशी आलं. मी सही केली. मग सगळा उलगडा केला, तेव्हा हेडमास्तर हसून हसून खुर्चीत बसले आणि बाईंसाठी त्यांनी लिंबाचा चहा मागवला.

त्याच संध्याकाळी बाई एकट्या परत निघाल्या. दोन दिवस थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, "पोट्टी रडत असन." पुन्हा तोच घाट, तशीच रात्र... चार महिने, मला खोली मिळेपर्यंत, मुलगी त्यांच्या कुशीत झोपली. त्यानंतर बाई कधीच बसमध्ये चढल्या नाहीत. पुढे माझी बदली पांढुर्ण्याला झाली, इतक्या जवळ, तरी नाही. "मले गाडी लागते ना वं," म्हणायच्या, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. माझी एकोणीस वर्षांची नोकरी त्यांच्या त्या दोन रात्रींवर उभी आहे. हे त्यांना एकदा नीट सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "बस कर, भाजी करपून राहिली."

मला स्वतःला गाडी कधी लागत नाही. तरी प्रवासात संत्र्याचं साल मी जवळ ठेवते. त्या दिवशी पांढुर्ण्याहून निघाले तेव्हाही फोडी शेजारच्या अनोळखी बाईला दिल्या आणि साल नाकाशी धरलं. डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. ती उठली, खिडकीची जागा मला दिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "गाडी लागली का वं माय?"

मी मान डोलावली. "हो," म्हटलं, "लागली."