केशवची आमटी आणि माझं ‘नाही’

ग्वाल्हेरच्या दप्तरात तार आली तेव्हा मी एका फायलीवर शेरा लिहीत होतो. ‘केशव अत्यवस्थ, लगेच निघा’ एवढाच मजकूर आणि खाली यमूचं नाव. यमू ही केशवची धाकटी बहीण, इंदूरजवळ बेटम्याला दिलेली. शेरा अर्धाच टाकून मी उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूरला उतरलो आणि टांग्याची वाट न बघता पायीच स्नेहलतागंजातलं त्याचं घर गाठलं. केशव खाटेवर होता. तीन आठवड्यांच्या तापाने त्याचा पार चोथा झाला होता. मला बघून त्याने काही ख्यालीखुशाली विचारली नाही. यमूला नुसती खूण केली. ती आत गेली आणि आमटीने भरलेली वाटी घेऊन आली. “दत्तूभिया, खाऊन बघ,” तो म्हणाला, “माझी जीभ तर बिलकुल गेली यार... तीच का?” मी उभ्याउभ्याच दोन घोट घेतले आणि म्हणालो, “हो. तीच.” तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला आता पाच आठवडे होतील. माझं ते ‘हो’ खरं होतं की खोटं, हे मला आजही माहीत नाही.

केशव माझा जुना मित्र, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. मी सचिवालयात कारकून. आमचं मध्यभारत सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे फायलींच्या पेट्यांबरोबर आमचीही वर्षातून दोनदा पाठवणी होते. पण ही फरफट सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. माझं लग्न लांबलं होतं, आणि त्या चार वर्षांत माझं सकाळचं जेवण केशवकडे असे. वत्सलावहिनी, म्हणजे त्याची बायको, साडेनऊला दोन पानं मांडायच्या. भात, आमटी, एखादी भाजी. आमटी रोजचीच, चिंचगुळाची. केशव डाव्या हातात वर्तमानपत्र धरून जेवायचा. मी कचेरीच्या घाईत जेवायचो. आज चांगली झालीय, असं त्या चार वर्षांत आम्ही दोघांपैकी कुणी त्यांना एकदाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. मागून वाढून घ्यायचो, एवढीच काय ती पावती. त्या बाईही काही विचारायच्या नाहीत. मग एका उन्हाळ्यात त्या चार दिवस आजारी पडल्या आणि गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात केशव उरला आणि फळीवरचे मसाल्याचे डबे.

तेराव्यानंतर महिनाभराने त्याने मला जेवायला बोलावलं. आमटी स्वतः केली होती. आम्ही दोघांनी पहिला घास घेतला. आंबट होती, गोड होती, तिखट होती, आणि तरी ती कुणाचीच नव्हती. केशव हात थांबवून बसला. म्हणाला, “मी पोरांना साखर पाण्यात का विरघळते ते शिकवतो, आणि अकरा वर्षं काय खाल्लं ते मला सांगता येत नाही. ती असती तर विचारलं असतं. आता एकदा जरी तशी जमली ना, तर तिला विचारल्यासारखं होईल.” मग त्याने मला कामाला लावलं. तुझी जीभ चार वर्षं साक्षीला आहे, माझं तर लक्षच नव्हतं, दर रविवारी येऊन तू सांगायचं. माझ्यासाठी एक वाटी निराळी काढली. रविवारी मी पोचायचो तेव्हा आमटीच्या पातेल्यावर झाकण असे आणि झाकणावर ती वाटी पालथी. माझ्याआधी तिला कुणी हात लावायचा नाही.

पुढची सहा वर्षं हे चाललं. मी इंदूरला असलो की दर रविवारी दुपारी, आणि ग्वाल्हेरला असलो की पत्रातून. केशव मुळातच चिकट माणूस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्याचा नियम. चिंचेचा कोळ आधी घातला तर डाळ दडस राहते आणि चिंच वेगळी, डाळ वेगळी लागते. डाळ पुरती शिजल्यावर घातला तर दोन्ही एक होतात. गूळ शेवटी घातला तर जिभेच्या टोकाला लागतो, उकळीबरोबर घातला तर मागून येतो. मोहरी अर्धी कच्ची राहिली की कडसर, मेथी जराशी जास्त तांबडी झाली की सगळ्या पातेल्याचा कारभार आटोपला. धने आणि खोबरं एकत्र भाजले तर खोबरं आधी जळतं, म्हणून वेगळे भाजायचे. खलबत्त्यात कुटलेला मसाला आणि पाट्यावर वाटलेला मसाला, जिन्नस तेच असून, दोन घरचे लागतात. हे मला काय कळणार? मी खायचो आणि तो ओळीन् ओळ वहीत उतरवायचा. गूळ बेटम्याच्या हाटातला, यमूकडून मागवलेला. डाळ सिमरोलच्या एका शेतकऱ्याची, कारण वहिनी त्याच्याकडूनच घेत. सिगडीवर करून बघितली, चुलीवर करून बघितली. एकदा तर वहिनी केस वाळवत बसायच्या तेवढा वेळ, म्हणजे तासभर, आमटी तशीच झाकून ठेवली, आणि खरोखरच ती मुरून वेगळी झाली. प्रत्येक वेळी माझ्यापुढे वाटी यायची आणि तोच प्रश्न, तीच का? आणि मी म्हणायचो, “जवळ आलीय रे, पण वो बात नाही.”

एका रविवारी आमटी तोंडात घेतली आणि मी थुंकलोच. कळकली होती. पितळेच्या पातेल्याची कलई उडालेली, त्यात चिंच उकळलेली. केशवने मुद्दाम तसं केलं होतं, म्हणे शेवटी शेवटी वहिनींच्या पातेल्याची कलई गेलेली असेल तर? मी त्याला फाडफाड बोललो. विष खाऊन बायको परत येत नाही, असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी कलईवाल्याला बोलावून त्याने ते पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. कलईवाला नवसागर लावत म्हणाला, “मास्टरसाब, भाभीजी तो हर दिवाली के पहले करवाती थीं, आप भूल गए।” कलईवाल्याला जे माहीत होतं ते घरात आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. हे मला केशवने हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता आत निघून गेला. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आला.

आता जे लिहायचं ते लिहून टाकतो. दुसऱ्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं की वहिनींची आमटी मला आठवत नाही. आंबट होती की गोडसर, पातळ होती की दाट, काही नाही. आठवत होती ती कचेरीची घाई. माझं लग्न झालं होतं, कमलच्या हातचं रोज खात होतो, आणि जिभेवरची जुनी चव कधीच पुसली गेली होती. हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्याचा एकुलता एक साक्षीदार गेला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण त्याहून हलकं आहे. मला ते आवडायला लागलं होतं. कचेरीत मला कुणी काही विचारत नाही. इथे एक शिकलेला माणूस आठवडाभर खपून माझ्यापुढे वाटी ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. ‘हो’ म्हणायला मला भीती वाटायची, कारण ‘हो’ची जबाबदारी असते. ‘नाही’ म्हणायला काय लागतं? ‘नाही’ म्हटलं की पुढचा रविवार ठरलेला.

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरला आम्हाला नवी खोली मिळाली. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजता शिजेना, शिजली तरी कणीदार राही, आणि नेहमीचं मीठ घातलं की आमटी खारट. कमल वैतागली. मी गंमत म्हणून केशवला कार्डावर एक ओळ लिहिली. इकडे पाण्यानेच अर्धा स्वयंपाक बिघडतो, तुझ्या प्रयोगात पाणी घेतलंस की नाही? बस, एवढीच ओळ. पण वहिनी गेल्या त्याच वर्षी त्यांच्या मागच्या अंगणात नळ आला होता, हे मी विसरलो होतो. केशव विसरला नव्हता. त्याआधी त्या घरात विहिरीचं पाणी होतं. नळ आल्यावर विहीर फळ्या टाकून बंद केली होती. त्याचं उलटटपाली पत्र आलं. एरवीचं गिचमिड अक्षर या खेपेस टपोरं होतं. सहा वर्षं मी नळाच्या पाण्यात करतोय, गाढव आहे मी. तू येईपर्यंत थांबवत नाही.

पुढचं यमूकडून कळलं. त्याने फळ्या काढल्या, दोर सोडला, पाणी काढलं. रसायनवाला माणूस, आधी पाण्याचीच चव बघायची म्हणून तांब्याभर तसंच प्याला. जिभेवर घोळवून घोळवून प्याला, असं शेजारीण सांगत होती. काही दिवसांनी ताप सुरू झाला. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. त्या पाण्यानेच झाला असं त्यांनी म्हटलेलं नाही. ते मी म्हणतो. कमल म्हणते गावात तेव्हा ताप होताच, असं मनाला लावून घेऊ नका. घेऊ नको तर काय करू? तापात तो यमूला खाटेवरून सांगायचा, विहिरीचं पाणी घे, खळखळ उकळ, डाळ घाल, आता मसाला, आता थांब. दत्तू येईल त्या दिवशी तयार पाहिजे. मी येईन त्या दिवसासाठी ती पोर तीन दिवस रोज आमटी करत होती. म्हणून मी ‘हो’ म्हणालो. त्याने डोळे मिटले, म्हणाला, “मग पाणीच होतं.”

दिवस झाल्यावर यमूने मला त्याची वही दिली, तुमच्याच नावाने भरलीय म्हणाली. मी ती गाडीत उघडली. प्रत्येक पानावर जिन्नस, कृती, आणि खाली दोन रकाने. एकावर ‘दत्तू’, दुसऱ्यावर ‘मी’. माझ्या रकान्यात सगळीकडे नाही, नाही, जवळ, नाही. त्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसती रेघ, कारण माझं लक्षच नव्हतं असं तो म्हणायचाच. पण तिसऱ्या वर्षाच्या एका पानावर ती रेघ नाही. नळाचंच पाणी, सिगडी, गूळ उकळीबरोबर, तासभर झाकून. त्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘हीच. नक्की हीच. वाढताना तिचा हात दिसला.’ शेजारी माझ्या रकान्यात ‘नाही’. आणि माझं ‘नाही’ आल्यावर त्याने आपल्या ओळीवर काट मारलीय, आणि बारीक अक्षरात लिहिलंय, ‘दत्तूला जास्त आठवतं. माझा भास असेल.’

तो रविवार मी आठवून आठवून दमलो. काय बोललो, कसा होतो, पाऊस होता की ऊन, काही काही आठवत नाही. बहुधा मी एक घोट घेतला असेल आणि सवयीने मान हलवली असेल. त्याला ती सापडली होती हो. तीन वर्षं आधीच सापडली होती. त्याची बायको त्याला पानावर भेटली होती, आणि मी तिला ओळखत नाही म्हणून तिला परत पाठवलं. मग आणखी तीन वर्षं तो शोधत राहिला, आणि शेवटी माझ्याच एका ओळीवर विश्वास ठेवून त्या विहिरीपाशी गेला. ही क्षमा मी कुणाजवळ मागू?

आता नवं मोठं राज्य होणार, राजधानी भलतीकडेच जाणार, अशी कचेरीत बोलणी चालू आहेत. मी या महिन्यात इंदूरला परत आलो. गेल्या रविवारी वहीतल्या त्या पानावरची आमटी कमलकडून करवून घेतली. बेटम्याचा गूळ, सिमरोलची डाळ, केशवचं कलईचं पातेलं, तासभर झाकण. ओळीतला एक शब्द बदलू दिला नाही. घास घेतला, आणि चांगली लागली. चांगली, एवढंच. ती होती की नव्हती ते मला कळलं नाही, आणि ज्यांना कळलं असतं ती दोन्ही माणसं आता नाहीत. कमलने सवयीने विचारलं, कशी झालीय? मी पानावरून उठलो. तेव्हापासून ती मला कुठल्याच पदार्थाची चव विचारत नाही.

पातेल्याबरोबर वाटीही यमूने दिली होती. केशवच्या घरात ती शेवटपर्यंत झाकणावर पालथी होती, माझ्या पुढच्या घासासाठी धुऊन ठेवलेली. आमच्याकडे ती त्याच पातेल्यावर तशीच पालथी आहे. कमल एकदा वाढायला म्हणून घ्यायला गेली तर मी तिच्यावर ओरडलो. आज रविवार आहे, साडेबारा वाजून गेलेत. मला ती सरळ करायचा धीर होत नाही.