बादलीवाल्याची गल्ली

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दगडी फरसबंदीचे मुकादम होते. मी त्यांच्या हाताखाली पहार चालवली. चढाच्या गल्लीचं काम संपलं असं आम्हाला वाटलं की ते वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतायचे आणि पाण्याबरोबर खाली चालत यायचे. पाणी कुठे जरा थबकलं, की एकच शब्द.

"उचला."

मग तिथले दगड काढा, खडी उकरा, परत बसवा. आम्ही मनातल्या मनात शिव्या द्यायचो. गल्लीतले उघड द्यायचे, कारण त्यांना दारातून फळीवर कसरत करत बाहेर पडावं लागे. त्यांनीच दाजींना बादलीवाला हे नाव ठेवलं. दाजी गेले. गल्लीला नाव राहिलं.

यंदा नगरपालिकेने पाटी लावली : 'बादली गल्ली'. खाली बारीक अक्षरांत, इथे पूर्वी पाण्यासाठी बादल्यांची रांग लागत असे. कसली रांग? घरोघरी नळ होते.

अक्काने पाटी वाचली आणि माझ्या मागे लागली. "गुडघे यांनी झिजवले आणि नाव रांगेला?"

कारकून म्हणाला, गल्लीतला एक जुना माणूस आणा, तो सांगेल ते लिहू. जुना म्हणजे एकटा वाणी उरलेला. मी त्याच्याकडे हेलपाटे घातले. त्या कटकट्याने सगळा उन्हाळा दुकान बंद पाडलं, त्याचं कसलं नाव, रांगच बरी, असं म्हणून दर वेळी तो तराजू पुसायला लागे.

शेवटी अक्का स्वतः निघाली. वरच्या घरातून बादली भरून घेतली आणि गल्लीच्या डोक्यावर ओतली. पाणी कुठेही न थांबता खाली आलं. वाण्याच्या पायरीशी काढलेल्या चपला भिजवून गटारात गेलं.

वाणी आतूनच करवादला, "कोण आहे रे? बादलीवाला परत आला की काय?"

"त्याची बायको आलीय," अक्का वरून म्हणाली. "हेच ऑफिसात येऊन सांगा."

वाणी बाहेर आला. ओल्या चपलांकडे बघत राहिला.

"दुकान कोण सांभाळेल, वहिनी?"

अक्का दुसरी बादली भरायला वळली.